वरच्या मजल्यावरचा कोर्स

चिकपेट, बेंगळूर
४ जुलै २०२५

अक्का,

इथूनच तुझ्या पाया पडतो. विमलाचाही नमस्कार घे.

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी तू मला "ऐकू येत नाही" हे इतक्या मोठ्याने सांगितलंस की माझ्या कानाला दडे बसले. तुला आमचं ऐकू येत नाही आणि तुझं सगळ्या गल्लीला ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं. देवनहळ्ळी इथून चाळीस किलोमीटर आणि पोस्टाला तीन-चार दिवस, पण तेवढा धीर आपल्या घराण्यात आहे.

बातमी अशी की तुझा भाऊ एकसष्टाव्या वर्षी कॉलेजात जातोय. दुकानातून रिटायर होऊन तीन महिने झाले. अडतीस वर्षं रेशमी साड्यांच्या घड्या उघडल्या आणि मिटल्या, त्या हातांना आता काही काम नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी विमलाचे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले. दुसऱ्या दिवशी सांबारात मिठाऐवजी पिठीसाखर पडली.  संध्याकाळी विमलाने एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "उद्या जाऊन चौकशी करा. नाहीतर मी जाते."

आमच्या घराजवळच एका ट्रस्टचं कम्युनिटी कॉलेज आहे. सहा महिन्यांचे कोर्स, वयाची अट नाही. खालच्या मजल्यावर मीडिया प्रॉडक्शन, म्हणजे कॅमेरा, आवाज, एडिटिंग वगैरे. वरच्या मजल्यावर नर्सिंग असिस्टंटचा कोर्स. मी अर्थातच खालचा घेणार. अभिराजच्या लग्नात फोटो मीच काढले होते, तुला आठवत असेल. नवरीचं डोकं कुठल्याच फोटोत आलं नाही हे खरं, पण शालूचा काठ किती स्वच्छ आला होता!

उद्या फॉर्म भरतो.

तुझा,
रघू

*

देवनहळ्ळी
११ जुलै २०२५

चि. रघू,

आशीर्वाद. पत्र वाचलं, भाग्यलक्ष्मीलाही वाचून दाखवलं. म्हणजे अर्थ सांगितला, तिला मराठी कुठे कळतं. ती शेजारीण असली तरी मुलीसारखी आहे, आणि तिला सांगितलं की गल्लीत वेगळं सांगावं लागत नाही. आता सगळ्यांना ठाऊक आहे की सकवारबाईचा भाऊ सिनेमाचं शिकतोय.

तुझा पहिला सिनेमा माझ्या घरीच काढायचा. दसऱ्याच्या नवरात्रात मी बाहुल्या मांडते ना, त्या. नऊ पायऱ्या, एकशे चाळीस बाहुल्या, शिवाय माझ्या सासूबाईंच्या वेळचे राजा-राणी. लोक येतात, कॉफी पितात, फोटो काढतात आणि माझं नाव न घालता टाकून देतात कुठेतरी. तू नीट काढ आणि युट्यूबवर घाल.

यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगते. अभिराज दर रविवारी येतो आणि म्हणतो, आई, एकटी राहू नको, सर्जापूर रोडला चल. त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. खाली बघितलं की माणसं तिळाएवढी दिसतात. कोणाशी बोलायचं म्हटलं तर आधी लिफ्टने उतरा. आपल्या शेताच्या दोन्ही बाजूंना प्लॉटचे लेआऊट पडले, तरी मी हललेली नाही. आता मी त्याला सांगितलंय, मामा माझ्या घरी सिनेमा काढतोय, दसऱ्यापर्यंत मला हलता येणार नाही. तो तसाच परत गेला. तेव्हा कोर्स मध्येच सोडू नकोस.

वरच्या मजल्यावर चुकून जाऊ नकोस म्हणजे झालं. आपल्या घरात कोणी दुसऱ्याचं मूत काढलेलं नाही.

अक्का

*

चिकपेट
२८ जुलै २०२५

अक्का,

पाया पडतो. उत्तराला उशीर झाला, कारण अभ्यास फार आहे.

वर्गात एकवीस मुली आणि मी. सगळ्या मला 'अंकल' म्हणतात. चंदना मॅडम आमच्या मुख्य, वय तिशीच्या आत, पण आवाज तुझ्यासारखा. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पलंगावर चादर लावायला सांगितली. मुलींच्या चादरींना सुरकुत्या. मी लावली, तर मॅडम दोन वेळा पलंगाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "अंकल, हे कोपरे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "कांजीवरमवर."

ड्रेसिंगमध्ये तर मी वर्गात एक नंबर आहे, हे मी म्हणत नाही, मॅडम म्हणतात. पट्टी कुठून सुरू करायची, कुठे संपवायची, किती ताण द्यायचा, हे हाताला आपोआप कळतं. गेल्या आठवड्यात पॅन कसा धरायचा तेही शिकलो. हात स्थिर हवा, घाई करायची नाही आणि थेंबभरही सांडता कामा नये.

श्यामला म्हणून एक आहे, तिच्यावर आमचं सगळं काम चालतं. फार शांत. काही म्हणजे काही बोलत नाही.

तुझी साखर कशी आहे? गोळ्या घेतेस ना?

रघू

*

देवनहळ्ळी
६ ऑगस्ट २०२५

चि. रघू,

पत्र मिळालं. ड्रेसिंगमध्ये पहिला आलास यात नवल काय? नटीला कुठला रंग शोभेल हे तुझ्याइतकं कोणाला कळणार! पण पॅनचं मला समजलं नाही. अभिराजला विचारलं, तर म्हणतो पॅन म्हणजे कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळू फिरवणं. मग सांडतं काय?

आणि ही श्यामला कोण? लग्न झालंय का तिचं? बोलत नाही म्हणतोस. न बोलणाऱ्या बायकांची मला आधीपासून भीती वाटते.

माझी साखर स्वल्प आहे, ती असू दे. गोळ्या घेते, आठवण झाली की. परवा एक गंमत झाली. न्हाणीघरात पाणी तापवताना चुलीतला निखारा पडला आणि माझा पाय त्यावर. भाग्यलक्ष्मी किंचाळली, "अक्का, पाय! पाय!" मी खाली बघितलं तेव्हा मला कळलं. काही म्हणजे काही दुखलं नाही! कॉफीपूड आणि हळद दाबून बसवली, झालं. ती पोर रडायला लागली आणि मी हसत होते. असा टणकपणा आता राहिला नाही हो कोणात.

गौरीला तू माहेरचं वाण घेऊन येतोस दरवर्षी. यंदा येऊ नकोस. घरात रंगकाम काढायचंय, बसायला जागा नसेल. एकदम दसऱ्यालाच ये, कॅमेरा घेऊन.

अक्का

*

चिकपेट
२१ ऑगस्ट २०२५

अक्का,

पाया पडतो. तुझा टणकपणा वाचून विमलाला सांगितलं, ती म्हणाली, अक्का म्हणजे अक्काच.

गौरीला नको म्हणालीस ते एका अर्थी बरंच झालं, त्याच आठवड्यात आमची पहिली परीक्षा सुरू होतेय. रोज सकाळी सातला श्यामलाकडे जातो. तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, केस विंचरायचे, अंगावर चादर ठेवून आतल्या आत कपडे बदलायचे, म्हणजे तिला संकोच वाटू नये. मुली हसतात की अंकल श्यामलाशी बोलत बोलत काम करतात. मॅडम मात्र म्हणाल्या, "हसू नका. असंच बोलायचं असतं." मला तिचा लळा लागलाय म्हण ना. काल तिचा एक हात निखळून पडला, मी स्वतः बसवला.

घाईत आहे. रंगकाम झालं की कळव.

रघू

*

देवनहळ्ळी
२८ ऑगस्ट २०२५

विमला,

तुला आशीर्वाद. हे पत्र तुझ्या नावाने आहे, रघूला दाखवू नकोस.

तुझं तुझ्या नवऱ्याकडे लक्ष आहे का? तो कोणा श्यामलाला रोज सकाळी सात वाजता कपडे घालतो, केस विंचरतो, पाठ पुसतो. हे मला त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून कळवलंय! वर म्हणतो लळा लागला. तिचा हात निखळेपर्यंत गोष्ट गेलीय. सिनेमाचा धंदा असाच, हे मला ठाऊक होतं, पण सहा महिन्यांच्या कोर्समध्ये इतकं शिकवतात हे ठाऊक नव्हतं. तू शांत बाई. तू डबे पुसत बसशील आणि तो तिकडे कुठल्या कुठे जाईल. त्याचं नाव काढून घे कॉलेजातून. माझ्या बाहुल्यांचा सिनेमा नाही झाला तरी चालेल.

मी आले असते कान धरायला, पण हल्ली चालणं होत नाही. गौरीच्या आधी नव्या चपला घेतल्या, डावी इतकी घट्ट निघाली की पायात जात नाही. उजवी बरोबर आहे. दुकानदाराने दोन मापांच्या दिल्या असणार. त्यात घरात उंदीर मेलाय कुठेतरी. भाग्यलक्ष्मीने तीन वेळा घर धुंडाळलं, कपाटं हलवली, काही सापडत नाही. स्वयंपाकघरात बसले तर तिथे वास, बाहेर ओट्यावर बसले तर ओट्यावर वास. दिवसातून सहा उदबत्त्या लावते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पण लक्ष ठेव.

अक्का

*

चिकपेट
१ सप्टेंबर २०२५

अक्का,

नमस्कार करते. हे पत्र तुमच्या हाती पडेल तोपर्यंत आमचे हे तुमच्याकडे पोचून काय व्हायचं ते झालेलं असेल. तरी तुम्ही मला विचारलंत, तर उत्तर द्यायला हवं म्हणून लिहिते.

श्यामला प्लास्टिकची आहे.

नर्सिंगच्या वर्गात माणसाएवढी बाहुली असते, तिच्यावर शिकवतात. मुलींनी तिचं नाव श्यामला ठेवलंय. ह्यांनी मीडियाचाच फॉर्म मागितला होता, पण खालच्या मजल्यावरच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतली बाई म्हणाली, तूर्त वर बसा, पंधरा दिवसांत कोणीतरी सोडतंच, मग खाली घेऊ. पंधरा दिवसांनी खरंच जागा झाली, त्यांनी बोलावलं. हे म्हणाले, "श्यामलाचं ड्रेसिंग अर्धं राहिलंय, तेवढं संपवून सांगतो." अजून सांगताहेत.

तुम्हाला कळवायची त्यांना लाज वाटत होती. तुमचं ते मुताचं वाक्य त्यांनी चार दिवस डोक्यात ठेवलं. मग मला म्हणाले, "मी अक्काला खोटं एक अक्षर लिहिणार नाही. जे करतो तेच लिहीन. तिने काय समजायचं ते समजू दे." आता पॅन म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

तुमचं पत्र दाखवू नको म्हणालात, पण आज सकाळी ते पोस्टमनने ह्यांच्याच हातात दिलं. श्यामलाचं वाचून हे खुर्चीवरून पडायचे बाकी होते इतके हसले. मग चपलेपाशी आले आणि हसायचे थांबले. मग उंदीर. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वर्गातली वही काढली. मला विचारलं, "निखाऱ्याचं पत्र कुठे आहे?" दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बसले आणि एकदम म्हणाले, "विमला, उंदीर अक्काबरोबर ओट्यावर कसा जाईल?"

चहा तसाच ठेवून मॅजेस्टिकच्या बसस्टँडला गेले. आज त्यांचा परीक्षेचा शेवटचा पेपर होता.

अक्का, दार उघडा त्यांना.

विमला

*

सर्जापूर रोड, चौदावा मजला
१४ सप्टेंबर २०२५

विमला,

आशीर्वाद. तुझं पत्र भाग्यलक्ष्मीने इथे आणून दिलं. रघूने तुला काय सांगितलं असेल ते असो, तो स्वतःचं कौतुक सांगायला लाजतो. म्हणून मी लिहिते.

त्या दिवशी अकराच्या सुमारास तो दारात उभा. घामाघूम. मी म्हटलं, "परीक्षा सोडून आलास?" तो नेहमीसारखा पाया पडायला वाकला. मी डावा पाय लुगड्यात ओढून घेतला. तो तसाच वाकलेला राहिला आणि म्हणाला, "अक्का, जन्मात पहिल्यांदा तू मला पाया पडू देत नाहीयेस."

मी म्हटलं, "रंगकाम चाललंय."

"कुठे?"

भिंती जशाच्या तशा. मी म्हटलं, "अजून सुरू व्हायचंय."

मग तो जमिनीवर मांडी घालून बसला. मी ओरडले, अभिराजला कळलं तर तो मला उचलून नेईल, तू माझा भाऊ आहेस की त्याचा माणूस, आणि तुझी ती श्यामला, आणि काय काय. तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "सरी, ठीक आहे. आता पाय दाखव."

दाखवला. दोन आठवडे मी स्वतः नीट पाहिला नव्हता, वाकता येत नाही आणि पाहायची इच्छाही नव्हती. कापड बांधून ठेवलं होतं. विमला, तो उंदीर माझाच होता.

भाग्यलक्ष्मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. रघूने तोंड वाकडं केलं नाही. पाणी उकळलं, पिशवीतून सामान काढलं, हात कोपरापर्यंत धुतले. आणि सबंध वेळ माझ्याशी बोलत होता, आता हे काढतो, आता इथे ओलं लागेल, आता संपत आलं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो ना, तसं नाही. वेगळं. अडतीस वर्षं तो लोकांना 'हा रंग तुम्हाला खुलतो' सांगत आला, आणि त्या दिवशी मला म्हणाला, "अक्का, हे फार वाईट आहे. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल." मी 'उद्या' म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "उद्या पाय नसेल." गोड करून सांगितलंच नाही त्याने.

डॉक्टरांनी करंगळी आणि शेजारचं बोट काढलं. म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर घोट्यापर्यंत जावं लागलं असतं. साखर पाचशेच्या वर होती. दुखलं नाही तो माझा टणकपणा नव्हे, साखरेने पायाच्या नसा मारल्या होत्या. निखाऱ्यावर हसत होते मी!

डॉक्टरांनी विचारलं, आधीचं ड्रेसिंग कोणी केलं? मी म्हटलं, माझ्या भावाने, तो... आणि अडले. नर्स म्हणू की काय म्हणू? शेवटी म्हटलं, "तो वरच्या मजल्यावर शिकतो."

आता मी इथे आहे. खाली माणसं तिळाएवढीच आहेत.

अक्का

*

चिकपेट
२० सप्टेंबर २०२५

अक्का,

पाया पडतो, उजव्या.

काल तुझं ड्रेसिंग करून निघताना अभिराज माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आला. त्याने विचारलं, "मामा, खरं सांग. आई देवनहळ्ळीला एकटी राहू शकेल का?" लिफ्ट चौदाव्यावरून खाली येईपर्यंत मी विचार केला. नवरात्र बसायला दोन दिवस उरलेत, तू डोळ्यांनी मला खुणावत होतीस, ते सगळं मला दिसलं होतं. मी त्याला म्हटलं, "आत्ता नाही."

हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी लिहितोय. जखम भरायला दोन महिने तरी लागतील. त्यानंतरही रोज तळवे पाहायला हवेत, साखर मोजायला हवी. तू एक निखारा लपवलास अक्का. उद्या दुसरा लपवणार नाहीस असं मी त्याला कशाच्या जोरावर सांगू?

माझी परीक्षा चंदना मॅडमनी पुन्हा घेतली. पास झालो.

रघू

*

सर्जापूर रोड
२४ सप्टेंबर २०२५

रघू,

पास झालास, चांगलं झालं. उद्यापासून ड्रेसिंगला दुसऱ्या कोणाला पाठव. माझ्या एकशे चाळीस बाहुल्या पेटीत आहेत.

सकवारबाई

*

चिकपेट
२९ सप्टेंबर २०२५

अक्का,

तू भिंतीकडे तोंड करून पडतेस म्हणून लिहावं लागतंय, नाहीतर रोज तिथेच येतो. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही. भिंतीकडे तोंड केल्याने डावा पाय उलट सोयीचा पडतो, तेव्हा तुझ्या रागाची मला अडचण नाही.

एक विचारायचं होतं. खालच्या मजल्यावरच्या मीडियाच्या मुलांना परीक्षेसाठी एक छोटी फिल्म करायची आहे. चंदना मॅडमनी त्यांना सुचवलं की साखरेच्या रोग्याने पाय कसे जपावेत यावर करा. त्यांना खरा पाय हवाय. मी तुझं नाव दिलेलं नाही. तुला पटलं तरच.

रघू

*

सर्जापूर रोड
१९ ऑक्टोबर २०२५

चि. रघू,

आशीर्वाद. तू समोर असताना जे बोलायला जमलं नाही ते लिहिते.

फिल्मला मी हो म्हटलं ते रागाने. म्हटलं, बाहुल्या नाहीत तर नाहीत, निदान मी तरी दिसेन. चार पोरं आणि तुझी चंदना आली, पोरांनी दिवे लावले, मी कांजीवरम नेसून बसले. काल ती फिल्म दाखवली अभिराजच्या टीव्हीवर. माझं तोंड दीड मिनिट, पाय साडेसहा मिनिटं! आणि तुझे हात. तुझे हात फार छान आलेत, रघू. माझ्या लक्षातच नव्हतं की आपल्या आईचे हात असेच होते.

त्या दीड मिनिटात चंदना मला विचारते, "आजी, लपवलं का?" त्या दिवशी दिव्यांनी डोळे दिपले होते, खोलीत तू, चंदना आणि ती पोरं, अभिराज ऑफिसात. मी खरं ते बोलून गेले. म्हटलं, "मुलाला कळलं तर तो मला माझ्या घरातून घेऊन जाईल, म्हणून. पाय गेला असता तर तो माझ्याच घरात गेला असता."

हे टीव्हीवर आहे हे मी विसरलेच होते. काल अभिराज शेजारी बसलेला. फिल्म संपली तरी तो उठला नाही. संयोगिताने दिवा लावला. सून शहाणी आहे, लावला आणि आत गेली. अभिराज म्हणाला, "आई, मी तुला इतका भीतिदायक वाटतो?"

मला बोलता येईना. मला! मग तोच म्हणाला, "दाखवशील तर राहा तिकडे. लपवशील तर इथे राहायचं. तू ठरव."

रघू, मी आता तळव्याखाली आरसा धरून पाय बघायला शिकले. पहिल्यांदा उलटा धरला, छत दिसलं. तुझं "आत्ता नाही" मला फार लागलं होतं. पण 'आत्ता' हा शब्द मी तेव्हा वाचलाच नव्हता, नुसतं 'नाही' वाचलं. काल पुन्हा पत्र काढून वाचलं.

उद्या ड्रेसिंगला ये. भिंतीकडे तोंड करणार नाही.

अक्का

*

देवनहळ्ळी
३० नोव्हेंबर २०२५

चि. रघू,

आशीर्वाद. घरी येऊन आठ दिवस झाले. सकाळी साखर मोजते, संध्याकाळी आरशात पाय बघते आणि अभिराजला फोनवर दाखवते. तो म्हणतो, "आई, जरा मागे धर, टाच दिसत नाही." मी म्हणते, तुझा मामा एवढी कटकट करत नाही.

इथे गल्लीत सगळ्यांनी फिल्म पाहिली. भाग्यलक्ष्मी आल्या-गेल्याला दाखवते आणि 'हा उंदीर मीच शोधत होते' म्हणते. दुसऱ्याच दिवशी तिची सासू आली, मग तिची बहीण, मग देवळापाशी फुलं विकते ती ठकुबाई. ओट्यावर चपला काढून ओळीने बसतात आणि मी आरसा धरून एकेकीचे तळवे बघते. मला त्यातलं काही कळत नाही, पण लाल कुठे आहे, फुटलंय कुठे, सुजलंय कुठे, एवढं कळतं. दोघींना दवाखान्यात पाठवलं. फुलवालीच्या टाचेत बाभळीचा काटा निघाला, दीड महिन्याचा. तिला ठाऊकच नव्हता.

आज मात्र वेगळंच झालं. देवाप्पा म्हणून बसचे रिटायर कंडक्टर आहेत, मागच्या गल्लीत राहतात. काठी टेकत आले, ओट्याच्या कोपऱ्यात बसले. पायात जाड मोजे. बायका गेल्या तरी बसून. मी म्हटलं, "काढा मोजे." म्हणाले, "बायकांसमोर पाय उघडा करायचा नाही मला." मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात जा. म्हणाले, "तिथेही सगळ्या मुलीच आहेत. एक महिना झाला, असाच हिंडतोय." उजव्या पायाने लंगडत होते आणि मोजा घोट्याशी ओला होता. मला तो वास आला, रघू. मला तो आता ओळखता येतो.

तू दर गुरुवारी येतोस, पण मी त्यांना तोवर थांबा म्हणणार नाही. अभिराज आज आलाय, तासाभराने परत निघेल. त्याच्याच हाती हे पत्र देते, तो थेट तुझ्या घरी आणून देईल. सकाळच्या पहिल्या बसने ये, सामान घेऊन ये.

देवाप्पांनी जाताना दारात थांबून मला विचारलं, "नर्सचं काम करणारा पुरुष असतो का कुठे?"

मी म्हटलं, "असतो. माझा भाऊ नर्स आहे."

अक्का